आय पुन्हा ओट्यावर बसली

माझी सासू, आमची आय, गेली तेव्हा मी कचेरीत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला दीडेक महिना भेटायला येणारं माणूस खुर्चीवर टेकलं, पाणी प्यालं, की फिरून फिरून तिथंच येतं. "तुम्ही घरी नव्हतात ना त्या वेळी?" नव्हते. फाइलीवर टिपण लिहीत होते. साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला, त्यांनी मला हाक मारली आणि पलीकडून आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रधान वहिनींचा आवाज आला, "अगं, तू ये. नुसती ये..." मी आले तेव्हा आय पलंगावर होती, केसातली वेणी तशीच, हाताला मासळीचा वास तसाच. बाजारातून येऊन पाणी प्याली, छातीत जड वाटतं म्हणाली, आडवी झाली आणि संपली. वहिनी शेजारी होत्या, तिचा हात त्यांच्या हातात होता. तरी लोक म्हणतातच, "एकट्याच हो बिचाऱ्या!" परवा यजमानांच्या नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आता तरी नोकरी सोड गो. धाकटा लहान हाय तुजा." मी त्यांना चहा दिला, उत्तर दिलं नाही. ते लांबलचक आहे, एका चहात मावणारं नाही. म्हणून इथं लिहिते.

आयचं नाव हिराबाय. वेसाव्याची कोळीण, अंधेरीच्या बाजारात मासळी विकणारी. मी मनोरीची. माझा बाप होडीवरचा माणूस, त्याला सही करता येत नव्हती, आणि मी बी.ए. झाले. होय, मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. होडीनं मार्व्याला, तिथून बसनं कॉलेजला, पावसाळ्यात होडी बंद झाली की मामाकडे वस्तीला, असं करत झाले. बी.ए. झालेली कोळ्याची पोरगी आमच्यात कोणाला द्यावी हा त्या काळी मोठाच प्रश्न होता. मोरेश्वर (नाव घेते, उखाणा घालत नाही) मॅट्रिक होऊन अंधेरीच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात लागला होता. आय मला बघायला आली ती बाजार उरकून सरळ, मोठ्या काठाचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि रिकामी टोपली दाराशी ठेवून. माझ्या आईनं पोहे दिले. आयनं ते खाल्ले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शिकलीस ती कामाला जायाला ना? का भिंतीला टांगायला?" मी म्हटलं, "कामाला जायला." "मग पोरगी आमची," म्हणाली आणि उठली. मोरेश्वर कोपऱ्यात बसला होता, त्याला काही विचारलंच नाही.

लग्नानंतर आम्ही वेसावे सोडून अंधेरीतच दोन खोल्यांत राहायला आलो. मोरेश्वरची हौस. बिल्डिंग सगळी पांढरपेशांची, आणि आयची टोपली जिन्यातून वर जाऊ लागली की दोन-चार दारं हळूच लागायची. सासरे मी येण्याआधीच वारले होते. होडी आयच्या दिराची. त्या होडीची मासळी सकाळी घोडागाडीतून बाजारात यायची. आय उजाडायच्या आत आंघोळ करून, केसात अबोलीची वेणी माळून निघायची. दुपारी बाजार उठला की घरी. मी नऊला निघून संध्याकाळी परत, चर्चगेटजवळच्या सरकारी कचेरीतून. आम्हा दोघींची गाठ पडायची ती रात्रीच्या चुलीपाशी. ती मासे साफ करत बाजारातली भांडणं सांगायची, मी भात टाकत कचेरीतली. "तुजा सायेब आनि माजं गिऱ्हाईक, दोनी सारखीच," असं तिचं मत होतं. "आदी नाक मुरडतात, मग घेतात."

आमच्यातली एक रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरलं. मासळी बाजारात प्रत्येकीची ओट्यावरची जागा ठरलेली असते आणि ती जागा बाईची असते. नवऱ्याची नाही, मुलाची नाही. ती सासूकडून सुनेकडे जाते. सासू सुनेचा हात धरून तिला ओट्यावर बसवते, ओटीत नारळ घालते, आजूबाजूच्या बायका बघतात, झालं. पुरुषांनी समुद्र बघावा, ओटा बायकांनी. माझ्या लग्नानंतर बाजारात कुजबुज झालीच, की हिराबायची सून पर्स घेऊन जाते, आता जागा कोण चालवणार? आयच्या शेजारच्या ओट्यावर काशीबाय बसायची, तिची जन्माची मैत्रीण आणि तेवढीच भांडखोर. तिनं हे तोंडावर विचारलं तेव्हा आय म्हणाली, "मी मेलंय काय? माजी मी बसलंय ना."

लग्नानंतर दोन वर्षांनी शैला झाली. रजा संपत आली तसं घरात ते बोलणं आलं, जे त्या दिवसांत कितीतरी घरांत येत होतं आणि आजही येतं. पोरीजवळ कोण? मोरेश्वरनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "दोघींपैकी एक घरी हवी. हिची नोकरी पेन्शनची आहे. आय, तू आता बस. खूप केलंस. आता सुख बघ."

"मना सुक नाय असं कोन म्हनलं?" आयनं विचारलं.

त्यावर तो जे बोलला ते मीही त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "आय, मी शाळेतून यायचो ना, तेव्हा दाराला कडी असायची. रोज. मास्तरांच्या पोराची आई दारात उभी असायची. मी कडी काढायचो, आत जायचो... आत कोणी नाही."

"उपाशी ठेवलं व्हतं काय कदी तुला?"

"नाही."

"मार खाल्लास? उघडा फिरलास?"

"नाही गं आय. तसं काही नाही. नुसतं... कोणी नसायचं."

भर बाजारात गिऱ्हाइकाला एका वाक्यात गप्प करणारी ही बाई. बराच वेळ मांडीवरच्या शैलाच्या टाळूवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बसतंय मी घरी." एवढंच. मी काही बोलायला तोंड उघडलं तर तिनं डोळ्यांनीच मला दाबलं.

आणि बसली. ते दिवस मला आजही आठवतात, कारण त्यात वाईट असं काहीच झालं नाही. शैला धट्टीकट्टी होती, घर लखलखीत होतं, मी आल्यावर भात तयार असायचा. पण आय रोज पहाटे उठायची, आंघोळ करायची, वेणी माळायची आणि खिडकीपाशी बसायची. मी विचारलं, "आय, कुठं निघालीस?" तर म्हणे, "कुठं नाय." ती भाजी निवडायला बसली की जमिनीवर वाटे लागायचे. मासळीचे वाटे लावतात तसे. वांग्यांचा एक, गवारीचा एक, वाटाण्याच्या शेंगांचे सारखे चार, वर एकेक शेंग जास्तीची. आणि मग त्या वाट्यांसमोर ती बसून राहायची. एक दिवस जिन्यात मासेवाली आली. आयनं दार उघडलं, टोपलीत वाकून बोंबील उचलला, वास घेतला, त्या बाईला म्हणाली, "हा कालचा." ती बाई उसळून म्हणाली, "घ्यायचा तर घे म्हातारे, तुला काय कलतं मासलीतलं?" आयनं बोंबील परत ठेवला आणि दार लावून घेतलं. हे मला प्रधान वहिनींनी सांगितलं. आयनं मात्र दोन दिवस मासे खाल्ले नाहीत, आणि कोळणीनं मासे न खाणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

प्रधान वहिनींबद्दल इथंच लिहायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल की घरी राहणाऱ्या बायका सगळ्या दुःखी असतात असं मला म्हणायचं आहे. तसं नाही. वहिनी शिकलेल्या होत्या, लग्नाआधी शाळेत शिकवत होत्या, मग सोडलं आणि त्यांना त्याची कधी चुटपुट लागली नाही. मी खोदून खोदून विचारलं आहे. त्या म्हणायच्या, "सकाळी सगळे आपापल्या वाटेला गेले ना, की घर माझं होतं. रेडिओ मंद लावायचा, वाती वळायच्या, मुलांसाठी काहीतरी करायचं. मला तर पुरत नाही दिवस." खरं बोलायच्या. चेहऱ्यावर दिसायचं. पण त्याच वहिनी मला एक दिवस जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंचं घर इथं नाही गं. त्यांचं घर तिकडं बाजारात आहे. इथं त्या पाहुण्यासारख्या बसतात." आमच्या बिल्डिंगमध्ये नाकाला पदर न लावणारी ही एकच बाई होती, आणि आयला तिच्याइतकं त्या वेळी कुणी ओळखलं नाही.

मग मी आयला म्हटलं, "मी सोडते नोकरी. तू जा." मनापासून म्हटलं. आय शैलाला तेल लावत होती. तिनं हात थांबवले नाहीत, पण आवाज चढला. "एक बसली तेवरी पुरे झाली. तू पन बसलीस तर मी कशाला बसलं? दोगी बसून काय एकमेकीच्या उवा मारू?"

तिकडं बाजारात रिकाम्या जागेवर डोळे होतेच. काशीबाय आपली टोपली मध्येच सरकवून ती राखत होती. मोरेश्वरनं मनाशी हिशेब केला, की जागा रिकामी आहे तोवर आयचं मन तिकडंच ओढणार. जागा गेली की बसेल. आणि मग त्यानं ती चूक केली, जी कोळ्याच्या घरात जन्मून, ऑफिसात खुर्चीवर बसायला लागलेला माणूसच करू शकतो. स्वतः बाजारात गेला आणि म्हणाला, "आमच्या आयची जागा आम्ही सोडतो. कुणाला हवी त्यांनी घ्या." जशी काही ऑफिसातली रिकामी खुर्ची! बायका हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. काशीबाय फक्त म्हणाली, "तुजी हाय काय जागा? हिराबाय येऊन देल तवा जाल." त्यानं घरी येऊन हे आयला सांगितलं. आयनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरोबर बोलली ती. येतंय मी द्यायाला."

पुढच्या रविवारी आम्ही सगळेच गेलो. शैला माझ्या खांद्यावर. मोरेश्वरच्या हातात कापडी पिशवी, तीत नारळ. जागा घेणार होती काशीबायची एक जाऊ. ती हिरवं लुगडं नेसून, लाजत ओट्याच्या कडेला उभी होती. बायकांनी हात थांबवले. बर्फ वितळून पायाखाली वाहत होता, आय त्यातून अनवाणी चालत ओट्यापाशी गेली, त्या बाईचा हात हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. तिला ओट्यावर बसवायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अगं हिराबाय! होतीस कुठं इतके दिवस? ही पापलेटं कशी दिलीस?" जुनं गिऱ्हाईक. बिचाऱ्याला काय माहीत इथं काय चाललंय.

आयचा हात सुटला. "ती नको घेव," ती म्हणाली, "ती बरफातली हायेत. काशे, तुजी टोपली इकरं सरकव गो. सायबाला खालची काढून दे." आणि बोलता बोलता, आपण काय करतोय याची तिला तरी जाणीव होती की नाही कोण जाणे, आय ओट्यावर चढून मांडी घालून बसली. कोयता पुढ्यात ओढला. काशीबायनं आपली अर्धी टोपली तिच्यासमोर पालथी केली. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईनं सगळ्यांआधी ओळखलं. खुदकन हसली आणि म्हणाली, "मी आपली कोलंबी सोलायला बसतंय, माज्यासाटी कोन थांबू नका."

मोरेश्वर पिशवी हातात धरून उभा. "आय, अगं... आपलं ठरलं होतं."

"ठरलं व्हतं," आय म्हणाली. हात चालूच. "मीच ठरवलं व्हतं, मीच मोरते."

"आणि पोरगी?"

याचं उत्तर काशीबायनं दिलं. ती उठली, टोपलीखालचं जुनं लुगडं काढून तिनं झटकलं, ओट्यामागच्या दोन खांबांना गाठी मारल्या, झोळी ओढून पाहिली आणि माझ्या खांद्यावरून शैलाला घेऊन आत टाकलं. आमच्यात पोरं अशीच वाढायची. मीही मनोरीला अशीच वाढले. मोरेश्वर म्हणाला, "इथं? या माश्यांत? या वासात? आजारी पडेल ती!"

"ए मोरू!" काशीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिचा आवाज बाजाराच्या त्या टोकाला ऐकू गेला असेल. "ह्योच खांब! ह्याच खांबाला तुजी झोली व्हती. तू मेलास काय? तुज्या मुतानं माजी मांदेली भिजायची, तवा मी म्हनलं काय हिराबायला, जागा सोर म्हनून? आता ऑफिसर झालाय मोटा!"

सगळा बाजार हसला. गिऱ्हाईक हसलं. मोरेश्वरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी मात्र हसले नाही, कारण त्याचं ते कडीचं बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं, आणि आयच्याही गेलं नव्हतं. हशा ओसरल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, म्हणजे तिच्यापुरता हलका, "तुजी कडी मना आठवतंय मोरू. झोलीत व्हतास तवर मी तुज्यासमोर व्हते. शालेत गेलास आनि कडी लागली. त्याचं वाईट मनाबी वाटतं. पन घरात बसून तुजी वाट बगायला मना बरं वाटलं असतं, असं खोटं मी नाय सांगनार. पोरीला कडी नको ना? मग जिकरं मी हाय तिकरं तिला आन."

नारळाची पिशवी काशीबायनं त्याच्या हातातून काढून घेतली, नारळ ओट्याच्या कोपऱ्यावर फोडला आणि सगळ्यांना वाटला. मलाही मिळाला. त्यालाही मिळाला. त्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून शैलाला बाजारात पोचवायचं काम त्याच्याकडे आलं, कारण त्याचं ऑफिस त्याच वाटेवर. पहिले काही दिवस तो पोरीला टॉवेलात अशी गुंडाळून न्यायचा, की चोरीचा माल नेतोय असं वाटावं. मग टॉवेल गेला. मग काशीबायच्या टोमण्यांना तो उत्तरं द्यायला लागला, आणि एक दिवस मी पाहिलं, की इस्त्रीच्या शर्टावर पोरगी, एका हातात डबा, आणि हा ओट्यासमोर उभा राहून बोंबलाच्या ताजेपणावर वाद घालतोय. शैला बाजारात बसायला शिकली, चालायला शिकली आणि काही शब्द असे शिकली की जे तिला शाळेत घालताना आम्हाला विसरायला लावावे लागले. पुढं शाळा सुटली की ती बाजारातच यायची आणि आजीबरोबर घरी. कडीचा प्रश्न सुटला म्हणायचा. पुरता सुटला का? धाकटा रवी झाला तेव्हा तो सारखा आजारी असायचा, आणि मी रजा संपवून टाकल्या, बढती एकदा हुकली. तापलेलं पोर दुसऱ्याच्या हातात देऊन गाडी गाठणं काय असतं ते मला माहीत आहे. हे सगळं मी लपवत नाही. पण कुणी म्हणालं, की मग घरीच का नाही राहिलीस, तर मी म्हणते, दुखतं म्हणून काय हात कापून टाकायचा?

आयचंही काही सणासुदीचं चित्र नव्हतं. कोयत्यानं बोटं फाटलेली, बर्फानं सांधे धरलेले, पावसात मासळी कमी आली की तोंडात शिव्या. "जलो हा धंदा," असं ती आठवड्यातून दोनदा तरी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी वेणी माळून चालू लागायची. एकदा आमच्याकडच्या महिला मंडळानं परिसंवाद ठेवला होता. विषय, नोकरी करणारी आई सुखी की घरी राहणारी? वहिनींनी मलाही बोलायला लावलं, म्हणून मी आयला घेऊन गेले. मला वाटलं, तिला आवडेल. पहिल्या बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि आय खुर्चीतच झोपली. अगदी घोरली. मी बोलले तेव्हाही घोरतच होती. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा दचकून उठली आणि मला विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "काही नाही ठरलं." "मग इतका येल काय करत व्हत्या?" म्हणाली आणि चपला शोधायला लागली. वहिनी आणि मी रस्ताभर हसत आलो.

तिचं उत्तर मला मिळालं ते दुसरीकडं, आणि तेही नकळत. एका शनिवारी अर्धी रजा घेऊन मी दुपारी घरी आले, तर आमच्या दाराबाहेरच्या शेवटच्या पायरीवर आय बसलेली. रिकामी टोपली शेजारी पालथी, पाय सोडलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. झोपली नव्हती. विचारातही नव्हती. मी घाबरून म्हटलं, "आय, बरं नाही का?" तर तिनं हातानं मला आत जा म्हणून खूण केली. नंतर आत आली, हातपाय धुतले आणि नेहमीची झाली. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, रोज बसतात. आम्ही कुणी त्या वेळी त्यांना हाक मारत नाही. पोरंसुद्धा नाहीत." मी आयला विचारलंच. ती म्हणाली, "बाजारात मी सगल्यांची. घरात गेले की तुमची. मदी दोन मिंटं मी कोनाचीच नाय." आणि हसली. "घरात बसले व्हते ना तवा, तीच दोन मिंटं गावली नाय बग."

बाजारात तिची जागा तेरा दिवस रिकामी होती. तिनं जागा कुणाला दिली नाही, म्हणून रीतीप्रमाणे ठरवायचं माझ्यावर आलं. मोरेश्वर माझ्याबरोबर आला, पण ओट्यापाशी नाही, बाहेरच थांबला. म्हणाला, "ते तुझं काम आहे." मी आयच्या दिराच्या सुनेचा हात धरला, तिला बसवलं, ओटीत नारळ घातला. काशीबाय खूप थकली आहे आता. तिनं त्या मुलीच्या कडेवरचं पोर घेतलं आणि खांबाकडे गेली.

त्या नात्यातल्या बाईंना मी उत्तर दिलं नाही, मोरेश्वरनं दिलं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तू तरी सांग रे तिला. घरात कोन नाय आता." तो म्हणाला, "नोकरी तिची. सोडायची तर ती सोडेल. मी एकदा कुणाचीतरी जागा सोडायला गेलो होतो, मावशी. नाही सोडता येत." त्या गेल्या. रवी दुपारी वहिनींकडे जेवतो, त्यांनी स्वतःच सांगितलं की तो इथंच येईल, विचारू नकोस. संध्याकाळी शैला त्याला घेऊन येते. मोरेश्वर आता भात टाकतो. कच्चा ठेवतो, पण टाकतो. मी नोकरी सोडणार नाही. बी.ए.चा कागद भिंतीला टांगायला मी झाले नव्हते.

आय गेल्यानंतर पहिल्यांदा कामावर गेले, त्या दिवशी कचेरीतून परत येऊन जिना चढून दाराशी पोचले. आतून शैलाचा आणि रवीचा भांडणाचा आवाज येत होता, स्टोव्ह चालू होता, कुणीतरी माझी वाट बघत होतं. बेलवर बोट ठेवलं... आणि काढलं. शेवटच्या पायरीवर बसले. पर्स शेजारी ठेवली, चपला काढल्या, पाय सोडले. समोरची भिंत. तिथं बघण्यासारखं काहीच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. थोड्या वेळानं मागं दार किलकिलं झालं. शैला असावी. मला वाटलं आता हाक मारेल. "आई, आलीस?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून आले नाही."

मग आत रवीला "गप रे!" म्हणाली आणि दार तिनं हळूच, आवाज न करता ओढून घेतलं.